चर्चबाहेरचा मांडव

लिबरल विचारांचे आणि तरी दर रविवारी चर्चला? कसं काय जमतं बुवा! मला याचं उत्तर सापडलं टुटूंच्या घरात. आर्चबिशप डेस्मंड टुटूंचं लॉजिक साधं होतं : कातडीचा रंग आपण निवडत नाही, कुणावर जीव जडावा हेही नाही. मग वर्णभेद पाप आणि गे लोकांना हाकलणं पुण्य, असं कसं? त्यांची मुलगी म्फो स्वतः धर्मगुरू. २०१५मध्ये तिनं एका स्त्रीशी लग्न केलं. परिणामी दक्षिण आफ्रिकेतल्या चर्चचं लायसन्स गेलं. २०२२मध्ये धर्मपित्याचा अंत्यविधी करायलाही इंग्लंडच्या चर्चनं तिला मनाई केली. मग प्रार्थना शेजारच्या मांडवात झाली आणि ती म्फोनंच चालवली. श्रद्धा सोडणं सोपं होतं, गप्प बसणं त्याहून सोपं. तिनं दोन्हीतलं काहीच केलं नाही.