दोन भाषांचा एक गळा

बनशंकरीतील मराठी घरांत मुले शाळेत इंग्रजी, अंगणात कन्नड आणि आजीपाशी मराठी बोलतात. समारंभात गावयास सांगितले, की मात्र बहुधा इंग्रजी गीतच त्यांच्या ओठांवर येते. अशा वेळी लॉर्ना कोर्देरो यांची आठवण होते.

मुंबईतील गोमंतकीय कुटुंबात 1946 साली जन्मलेल्या लॉर्ना आरंभी इंग्रजी गाणी गात. साठच्या दशकात त्या मडगावचे वादक व संगीतकार ख्रिस पेरी यांच्या वाद्यवृंदात आल्या. चर्चगेटच्या 'व्हेनिस'मध्ये त्यांचे गाणे ऐकावयास रसिक जमत. पेरी यांनी कोंकणी शब्दांना जॅझचा साज आणि चा-चा-चासारख्या लॅटिन अमेरिकी नृत्यांचा ठेका दिला. लॉर्नांच्या भरदार, आर्जवी आवाजातील 'बेब्दो' आणि 'पिसो' गोमंतकीयांच्या घरोघरी पोहोचली. लय दूरदेशीची, पण सुखदुःख मात्र आपल्याच अंगणातले!

पुढे दोघांची साथ सुटली आणि हा आवाज वीसहून अधिक वर्षे रंगमंचापासून दूर राहिला. 1995 साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्या गोव्यात पुन्हा श्रोत्यांसमोर उभ्या राहिल्या. गोवा त्यांना विसरला नव्हता. 2014 साली याच गाण्यांभोवती गुंफलेला 'नाचूंया कुंपासार' हा चित्रपट आला व उत्कृष्ट कोंकणी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवून गेला.

पालकहो, मुलांना परकी चाल अवश्य गाऊ द्यावी. मात्र तिच्यावर बसतील असे मायबोलीतले चार शब्दही त्यांच्या हाती द्यावेत.