हत्ती सीलच्या डोक्यावरची वेधशाळा

भिवंडीच्या गोदामातून निघालेलं पार्सल कुठवर पोचलं, हे मोबाइलवर दिसतं. तसाच माग ‘बागेश्री’ आणि ‘गुहा’ या कासविणींचा लागला. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर त्यांच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर चिकटवले गेले. बागेश्री कन्याकुमारी, श्रीलंका ओलांडून थेट बंगालच्या उपसागरात! दक्षिण महासागरातले हत्ती सील मात्र याहून मोठं काम करतात. डोक्यावर चिकटवलेलं यंत्र पाण्याचं तापमान, क्षारता आणि खोली मोजतं. सील पाचसहाशे मीटर, कधी त्याहून खोल बुडी मारतो. श्वास घ्यायला वर आला की नोंदी उपग्रहाकडे रवाना. हिवाळ्यात बर्फाखाली जहाज जात नाही, हा जातो, तोही बिनपगारी. अंटार्क्टिकाच्या केप डार्नलीजवळ समुद्रतळाकडे उतरणारं अतिथंड, खारट पाणी तयार होतं, हे २०१३ साली सिद्ध झालं, त्यात या सीलांच्या नोंदींचा वाटा होता. वर्षातून एकदा सील कात टाकतो, तेव्हा यंत्रही गळून पडतं. आपल्या कासविणींच्या पाठीवरचं यंत्र असं दरवर्षी ठरल्या वेळी गळत नाही; म्हणून कोकणात पाठीवर यंत्र असलेली कासवीण दिसली तर ते ओढू नका, वनविभागाला कळवा.