जोडीदारापाशी संपणारे निवृत्तिवेतन

निवृत्तीचे वय सरकार ठरवते. अपत्य आपल्या पायांवर केव्हा उभे राहील, हे मात्र कोणत्याही सरकारला ठरवता येत नाही. उशिरा झालेले लग्न, अनेक वर्षांच्या प्रतीक्षेनंतर जन्मलेले मूल किंवा जन्मभर सांभाळावे लागणारे दिव्यांग अपत्य असलेल्या घरांत या दोन गोष्टींचा मेळ बसत नाही. वडील साठीला पोहोचतात तेव्हा मुलगी दहावीत असते. मुलगा चाळिशीचा असतो, पण त्याला भरवावे लागते. अशा घरांना सरकारी निवृत्तिवेतन किती काळ आणि कोणाच्या हयातीपर्यंत आधार देते, हा प्रश्न १ एप्रिल २०२५ रोजी एकीकृत निवृत्तिवेतन योजना लागू झाल्यापासून अधिक तीव्र झाला आहे. या योजनेत निवृत्तीनंतरच्या कुटुंबाची व्याख्या जवळजवळ जोडीदारापुरतीच उरली आहे.

हा प्रश्न समजून घेण्यासाठी ग्वाल्हेरचे उदाहरण उपयोगी पडते. १८१०च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी जेथे स्थिरावली, तेथे ‘लष्कर’ हे शहर वसले. त्या परिसरातील माधवगंजसारख्या वस्त्यांत दरबारी चाकरीच्या निमित्ताने आलेल्या मराठी घराण्यांचे वंशज आजही आढळतात. संस्थान गेले, तरी नोकरीची परंपरा टिकली. १९५६ साली नवे मध्य प्रदेश राज्य झाले आणि राजधानी भोपाळला गेली, तेव्हा महालेखाकार कार्यालय, राजस्व मंडळ यांसारखी मोठी कार्यालये ग्वाल्हेरच्या वाट्याला आली. त्यामुळे या शहरात एकाच गल्लीत राज्य सरकारचा कर्मचारी आणि केंद्राच्या लेखा विभागाचा कर्मचारी शेजारी राहतात. पहिल्याला मध्य प्रदेशचे १९७६चे निवृत्तिवेतन नियम लागू होतात, तर दुसऱ्याला केंद्राचे. पहिला ६२व्या वर्षी निवृत्त होतो, दुसरा ६०व्या. दोघांच्या घरी सारख्याच वयाचे, सारख्याच अडचणीचे मूल असले, तरी त्याचा हक्क वडिलांच्या नेमणूकपत्रावर कोणाचा शिक्का आहे आणि ते कोणत्या तारखेचे आहे यावर अवलंबून राहतो.

जुन्या व्यवस्थेने अपत्याकडे कसे पाहिले, ते आधी पाहू. केंद्राच्या १९७२च्या नियमांतील आणि आता त्यांची जागा घेतलेल्या २०२१च्या नियमांतील कुटुंब निवृत्तिवेतन ही क्रमाने पुढे सरकणारी सोय आहे. कर्मचाऱ्याच्या पश्चात ते प्रथम जोडीदाराला मिळते. जोडीदार हयात नसेल, तर २५ वर्षांखालील अविवाहित व न कमावणाऱ्या अपत्यांना वयाच्या क्रमाने मिळते. त्यानंतर, उदरनिर्वाह करू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला ते आयुष्यभर मिळू शकते. विधवा व घटस्फोटित मुलींसाठी २५ वर्षांची अट २००४ साली, तर अविवाहित मुलींसाठी २००७ साली शिथिल झाली. दिव्यांग अपत्यासाठीची उत्पन्नमर्यादा २०२१ साली वाढवण्यात आली. रक्कम सर्वसाधारणपणे अखेरच्या मूळ वेतनाच्या ३० टक्के आणि त्यावर महागाई सवलत; किमान ९,००० रुपये. सुरुवातीची काही वर्षे ५० टक्के दराने वाढीव रक्कमही मिळते.

न्यायालयांनीही या व्यवस्थेचा अर्थ उदारपणे लावला. निवृत्तिवेतन ही सरकारची मेहेरबानी नसून केलेल्या सेवेतून निर्माण झालेला हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नाकारा खटल्यात स्पष्ट केले. १९८९च्या भगवंती विरुद्ध भारत सरकार या निकालाने त्याच्या पुढचे पाऊल टाकले. निवृत्तीनंतर लग्न केलेल्या कर्मचाऱ्याच्या पत्नीला आणि निवृत्तीनंतर जन्मलेल्या अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतनातून वगळणे मनमानीचे आहे, असे न्यायालयाने ठरवले. उतारवयातील पालकांच्या दृष्टीने हा निकाल मोलाचा आहे. मूल उशिरा आले म्हणून त्याचा हक्क कमी होत नाही, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले.

या उदारतेला सीमाही आहे. नागपूर येथे केंद्राच्या नमुना सर्वेक्षण संघटनेत काम केलेले एक कर्मचारी १९९३ साली निवृत्त झाले आणि १९९४ साली वारले. त्यांच्या पत्नीने १९९६ साली एका मुलाला दत्तक घेतले. त्या मुलाचा कुटुंब निवृत्तिवेतनावरील दावा १७ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. कर्मचाऱ्याच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने दत्तक घेतलेले मूल त्याच्या कुटुंबाच्या व्याख्येत बसत नाही, असे न्यायालयाने म्हटले. हा निकाल कठोर वाटला, तरी त्यामागे विचार आहे. कर्मचाऱ्याच्या आयुष्याशी ज्याचा संबंध होता, ते त्याचे कुटुंब. ही कसोटी मान्य केली, तर पुढचा प्रश्न अटळ ठरतो. ज्या दिव्यांग मुलाला कर्मचाऱ्याने जन्मापासून निवृत्तीनंतरही सांभाळले, ते मूल नव्या योजनेत कोठे आहे?

केंद्राने १ जानेवारी २००४पासून नव्या भरतीसाठी राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणाली लागू केली. मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि गोवा या राज्यांनी २००५ साली त्याच वाटेने जायचे ठरवले. या प्रणालीत निश्चित निवृत्तिवेतनाची हमी नव्हती. साचलेल्या निधीच्या ठरावीक भागातून वार्षिकी विकत घ्यायची, असा तिचा गाभा होता. त्यावरील असंतोषातून केंद्रीय मंत्रिमंडळाने २४ ऑगस्ट २०२४ रोजी एकीकृत योजनेला मंजुरी दिली, आणि २४ जानेवारी २०२५ रोजी तिची अधिसूचना निघाली. २५ वर्षांच्या सेवेनंतर अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के रकमेची हमी, किमान दहा वर्षांच्या सेवेवर दरमहा १०,००० रुपये आणि महागाईशी निगडित वाढ, या तिच्या जमेच्या बाजू आहेत. कर्मचाऱ्यांच्या मागणीला मिळालेला हा प्रतिसाद होता, हे मान्य केलेच पाहिजे.

अडचण कुटुंबाच्या कलमात आहे. निवृत्तीनंतर कर्मचारी वारला, तर त्याला मिळत असलेल्या रकमेच्या ६० टक्के रक्कम कायदेशीर जोडीदाराला मिळेल, असे अधिसूचना म्हणते. हा जोडीदारही निवृत्तीच्या दिवशी विवाहबंधनात असलेलाच असला पाहिजे. अपत्याचा उल्लेख त्या कलमात नाही. १९८९च्या निकालाने उशिराच्या लग्नाला आणि उशिराच्या अपत्याला जी मान्यता दिली, तिचा मागमूस या रचनेत दिसत नाही.

आकड्यांत पाहू. समजा, माधवगंजात राहणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्याचे अखेरचे मूळ वेतन ६०,००० रुपये आहे आणि घरी बौद्धिक दिव्यांग मुलगा आहे. जुन्या व्यवस्थेत कर्मचाऱ्याला ३०,००० रुपये, वाढीव दराचा काळ संपल्यावर पत्नीला १८,००० रुपये आणि पत्नीनंतर मुलाला आयुष्यभर तेवढीच रक्कम, वर महागाई सवलत, असा हिशेब होता. एकीकृत योजनेत कर्मचाऱ्याला ३०,००० आणि पत्नीला १८,००० रुपये मिळतात. इथवर दोन्ही हिशेब जुळतात. पत्नी गेल्यावर मात्र मुलाच्या वाट्याला दरमहा काहीच येत नाही. राष्ट्रीय प्रणालीतील सरकारी कर्मचाऱ्यांसाठीच्या ठरलेल्या वार्षिकीत निदान शेवटी खरेदीची मूळ रक्कम अपत्यांना परत मिळते. एकीकृत योजनेत हमीच्या बदल्यात तो निधी सामाईक कोषात जातो. म्हणजे ज्या घरात अपत्य कायमचे परावलंबी आहे, तेथे हमी असलेली योजना हमी नसलेल्या योजनेपेक्षाही या एका बाबतीत उणी पडते.

याहून विचित्र भाग पुढे आहे. कर्मचारी सेवेत असताना वारला, तर नव्या योजनांतील कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांनाही जुन्या नियमांनुसार कुटुंब निवृत्तिवेतन घेण्याचा विकल्प उपलब्ध आहे. त्या मार्गाने दिव्यांग अपत्याला आयुष्यभराचा आधार मिळू शकतो. तोच कर्मचारी निवृत्तीनंतर महिन्याभराने वारला, तर तो आधार नाही. मुलाची गरज त्या महिन्याभरात बदललेली नसते. वडिलांची सेवा मात्र पूर्ण झालेली असते. पूर्ण सेवेचे फळ अपूर्ण सेवेपेक्षा कमी असावे, याचे समर्थन कोणत्या तत्त्वावर करता येईल?

दिव्यांग नसलेल्या, पण अजून शिकणाऱ्या मुलांचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. केंद्रीय कर्मचाऱ्याला मिळणारा बालशिक्षण भत्ता, जो जानेवारी २०२४पासून प्रत्येक मुलामागे दरमहा २,८१२ रुपये ५० पैसे आहे, निवृत्तीच्या शैक्षणिक वर्षाअखेर थांबतो. उत्पन्न निम्म्यावर येते त्याच सुमारास शाळा-महाविद्यालयाचा खर्च वाढत असतो. पालक हयात असताना अवलंबित मुलासाठी निवृत्तिवेतनात वेगळी भर घालण्याची पद्धत आपल्याकडे रुजलेली नाही. अमेरिकेत १९३५च्या सामाजिक सुरक्षा कायद्यात १९३९ साली दुरुस्ती झाली आणि निवृत्त कामगाराच्या मुलांचाही विचार सुरू झाला. तेथे आज निवृत्त पालकाच्या १८ वर्षांखालील अविवाहित अपत्याला पालकाच्या पूर्ण लाभाच्या निम्म्यापर्यंत रक्कम मिळू शकते. २२ वर्षांपूर्वी दिव्यांगत्व आलेल्या अपत्याला ती त्यानंतरही मिळते. संपूर्ण कुटुंबाला मिळणाऱ्या रकमेवर कमाल मर्यादा घालून तेथे खर्च आवरला जातो. आपल्याकडे खासगी क्षेत्रासाठीच्या १९९५च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत अपत्याचा वाटा आहे. पण तो पालकाच्या मृत्यूनंतरचा, आणि त्याची किमान रक्कम २५० रुपये आहे.

अपत्यांचा समावेश केल्यास खर्चाचा अंदाज बांधता येणार नाही, असा आक्षेप येऊ शकतो. एकीकृत योजनेत सरकारचे योगदान आधीच १८.५ टक्के आहे, हे खरे. परंतु मागणी सर्व अपत्यांना आजीवन निवृत्तिवेतन देण्याची नाही. उदरनिर्वाह करू न शकणारी दिव्यांग अपत्ये आणि २५ वर्षांखालील अवलंबित मुले, एवढाच गट आहे. त्यांची पात्रता ठरवण्याची पद्धत, उत्पन्नाची अट आणि प्रमाणपत्रांची चौकट जुन्या नियमांत तयार आहे. नवे काही शोधायचे नाही. ६० टक्क्यांच्या कलमात जोडीदारानंतर या दोन वर्गांना स्थान द्यायचे आणि निवृत्तीच्या दिवशीच्या विवाहाची अट १९८९च्या तत्त्वाशी जुळवून घ्यायची, एवढेच.

गोव्यासारख्या छोट्या राज्याने याकडे परप्रांतातील बातमी म्हणून पाहणे परवडणारे नाही. येथे सरकारी नोकरी हा असंख्य कुटुंबांचा कणा आहे, आणि येथील निवृत्तिवेतनाची चौकट केंद्राच्या नियमांवर उभी आहे. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने केंद्राच्या पाठोपाठ ऑगस्ट २०२४मध्येच नव्या धर्तीची योजना स्वीकारण्याचा निर्णय घेतला. केंद्रातील उणीव राज्यांत जशीच्या तशी झिरपते. म्हणून ती स्वीकारण्यापूर्वी हे कलम तपासणे प्रत्येक राज्याच्या हिताचे आहे.

धोरण बदलेपर्यंत पालकांच्या हाती काही गोष्टी आहेत. जुन्या नियमांखालील कर्मचाऱ्यांनी कुटुंबाचा तपशील देणारा नमुना अद्ययावत ठेवावा. दिव्यांग अपत्याचे प्रमाणपत्र आपल्या हयातीत काढून त्याचे नाव निवृत्तिवेतन आदेशात नोंदवून घ्यावे. बौद्धिक दिव्यांग अपत्यासाठी पालकाचे नामनिर्देशन करावे. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालील स्थानिक समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेण्याचा मार्गही आहे. नव्या योजनांपैकी एक निवडायची वेळ आली, तर केवळ स्वतःच्या मासिक रकमेचा आकडा पाहू नये. पती-पत्नी दोघेही नसतील त्या दिवसाचा हिशेब मांडूनच सही करावी.

‘आमच्यानंतर याचे कसे?’ हा दिव्यांग मुलाच्या आई-वडिलांच्या मनातला कायमचा प्रश्न असतो. १९७२च्या नियमांनी त्याला अपुरे, पण ठाम उत्तर दिले होते. २०२५च्या योजनेने त्याला उत्तरच दिलेले नाही. एका कलमात काही शब्द वाढवले, तर ते देता येईल.