मायक्रॉनची डायल, डगमगता स्टँड

भोसरी असो, शिरोली असो की अंबड, लहान कारखानदार डायल घ्यायला निघाला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : लीस्ट काउंट किती? उत्तर 0.001 मिमी आले की दर वाढतो आणि घेणाऱ्याचा विश्वासही वाढतो. आमच्या मते हा प्रश्न तिसरा किंवा चौथा असावा.

आधी काम पाहा. एकूण टॉलरन्सच्या दहाव्या भागाइतके बारीक मापता आले की पुरते, हा जुना नियम अजून मोडीत निघालेला नाही. ±0.05 मिमीच्या कामाला 0.01 ची डायल पुरेशी आहे. फोर जॉ चकात जॉब सेंटरला आणताना मायक्रॉनची डायल लावली तर काटा नुसता गरगर फिरतो आणि ऑपरेटर वैतागतो. (तिथे डायल 0.04 दाखवत असेल तर जॉब 0.02 नेच सरकवायचा, हे नव्या मुलांना पुनःपुन्हा सांगावे लागते.)

खरी गोम स्टँडमध्ये आहे. 10 मिमी व्यासाचा पोलादी दांडा 200 मिमी बाहेर काढला आणि टोकावर एक न्यूटन दाब आला, तर तो सुमारे 26 मायक्रॉन वाकतो. लांबी निम्मी केली की वाकणे आठपटीने कमी होते. आपण वाकलेल्या अवस्थेतच शून्य लावतो, त्यामुळे हे सगळे वाकणे मापात उतरत नाही हे खरे. पण काटा चढताना आणि उतरताना प्लंजरचा दाब सारखा नसतो, आणि त्या फरकापुरता दांडा हलतोच. क्लॅम्पचे सांधे ढिले असतील तर बोलायलाच नको. म्हणून दांडा जाड घ्या आणि शक्य तितका आखूड ठेवा.

लिव्हर डायल अडचणीच्या जागी उत्तम. मात्र तिचा स्टायलस पृष्ठभागाला जवळजवळ समांतर हवा. 30 अंशांचा कोन झाला तर काट्यावरचे 0.10 प्रत्यक्षात 0.087 असतात. तुटलेल्या स्टायलसच्या जागी हाताला येईल तो बसवणे हा तर सर्रास चालणारा अपराध. लांबी बदलली की वाचन चुकलेच.

मायक्रॉनची डायल कंपॅरेटर स्टँडवर आणि स्थिर तापमानाच्या खोलीत शोभते. 100 मिमीचा पोलादी जॉब एका अंशाने तापला तरी एक मायक्रॉनहून जास्त वाढतो, आणि हातात धरलेला जॉब तेवढा सहज तापतो.

खरेदी करताना सोबत एक स्लिप गेज न्या. सरफेस प्लेटवर ती डायलखाली ठेवा, प्लंजर पाच वेळा उचलून हलकेच सोडा आणि काटा दर वेळी त्याच रेघेवर येतो का पाहा. मग स्टँडला बोटाने टिचकी मारून पुन्हा पाहा. विक्रेता एवढेही करू देत नसेल तर दुसरे दुकान गाठावे.