आउटडोअर स्कूल वाचवायचं कुणी?

ओरेगनमध्ये एप्रिल-मे म्हणजे पाऊस ओसरण्याचे आणि शाळांची बजेटं ठरण्याचे दिवस. इथलं शालेय आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं, त्यामुळे काय ठेवायचं आणि काय कापायचं, याचा निकाल जूनअखेर लागतो. आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये यंदा कापाकापीची यादी लांब आहे. किती शिक्षक जाणार, वर्गात किती मुलं वाढणार, यावर पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रात्री अकरा वाजेपर्यंत चर्चा चालते. त्याच यादीत खाली एक ओळ आहे : आउटडोअर स्कूलच्या रात्री कमी करणे. त्यावर मात्र आपल्या लोकांचं मौन आहे. एकदोघांनी तर लिहिलं, ‘बरंच झालं, नाहीतरी पिकनिकच ती.’ हा लेख त्या एका वाक्यामुळे लिहिते आहे.

भारतातल्या वाचकांसाठी आधी थोडं सांगायला हवं. आउटडोअर स्कूल म्हणजे सहल नव्हे. पाचवी किंवा सहावीतली मुलं आपल्या शिक्षकांबरोबर जंगलातल्या शिबिरात राहायला जातात. पूर्ण कार्यक्रम पाच दिवस आणि चार रात्रींचा. तिथे माती, पाणी, वनस्पती आणि प्राणी असे चार विषय. मुलं ओढ्यात उतरून पाण्याचं तापमान मोजतात, दगडाखालचे किडे बघून पाणी किती स्वच्छ आहे ते ठरवतात, मातीचे थर खणून बघतात. गळ्यात लाकडाची गोल चकती, तिच्यावर नाव आणि शिकत जाल तसे ओवलेले मणी. फोन नाही. त्यांची देखभाल करायला प्रशिक्षण घेतलेली हायस्कूलची मुलं-मुली असतात, तीही स्वयंसेवक म्हणून. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा अकरा वर्षांच्या आठ-दहा पोरांना रात्री झोपवतो, सकाळी उठवतो, घराची आठवण येऊन रडणाऱ्याची समजूत काढतो. माझ्या मते या कार्यक्रमात जास्तीत जास्त कोण शिकत असेल, तर हीच मुलं.

ओरेगनमध्ये याची सुरुवात १९५७ मध्ये झाली. पोर्टलंडच्या परिसरात १९६६ पासून पिढ्यान् पिढ्या मुलं जात आली. माझ्या ऑफिसमधले पन्नाशीचे सहकारी आजही आपलं शिबिरातलं टोपणनाव सांगतात. पण पैशांची चणचण आली की कात्री पहिल्यांदा इथेच लागायची. आठवड्याचं शिबिर तीन दिवसांवर यायचं, कुठे पालकांकडून पैसे गोळा व्हायचे, कुठे बंदच पडायचं. म्हणजे ज्या शाळेतले पालक पैसेवाले, तिथली मुलं जंगलात आणि बाकीची वर्गात.

हे थांबवायचा पहिला प्रयत्न २०१५ मध्ये झाला. राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून आउटडोअर स्कूलसाठी निधी स्थापन केला, पण त्यात पैसेच ठेवले नाहीत. आपल्याला ही तऱ्हा नवीन नाही. समिती नेमली, नाव दिलं, तिजोरी रिकामी. मग कार्यकर्त्यांनी सह्या गोळा करून विषय थेट जनतेपुढे नेला. नोव्हेंबर २०१६ च्या मतपत्रिकेवर ‘मेजर ९९’ नावाचा प्रस्ताव आला : राज्याच्या लॉटरीच्या निव्वळ उत्पन्नातले चार टक्के, वर्षाला जास्तीत जास्त २.२ कोटी डॉलर, या कार्यक्रमाला द्यायचे. सुमारे ६७ टक्के लोकांनी होकार दिला.

हा आकडा नुसता वाचून पुढे जाऊ नका. त्याच मतपत्रिकेवर ‘मेजर ९७’ होता. मोठ्या कंपन्यांच्या विक्रीवर कर बसवून शिक्षण, आरोग्य आणि ज्येष्ठांसाठी पैसा उभा करायचा, असा तो प्रस्ताव. तो साफ पडला. एकाच दिवशी, त्याच लोकांनी शिक्षणाच्या नावावरचा एक प्रस्ताव नाकारला आणि दुसरा डोक्यावर घेतला. असं का झालं असावं?

मला तीन कारणं दिसतात. पहिलं, मेजर ९९ ने नवा कर मागितला नाही. दुसरं, मतदाराला नेमकं काय मिळणार ते डोळ्यांसमोर दिसत होतं : अमुक वयाचं मूल, अमुक दिवस, जंगलात. ‘शिक्षणाचा दर्जा सुधारेल’ असल्या मोघम वाक्यावर मत मागितलं नव्हतं. तिसरं आणि सर्वात मोठं कारण म्हणजे आठवणी. १९६६ पासून गेलेली मुलं आता मतदार होती. कुणी नर्स, कुणी लाकूडतोड्या, कुणी दुकानदार. त्यांना हा कार्यक्रम समजावून सांगावा लागलाच नाही.

विरोधही होता आणि तो अगदीच पोकळ नव्हता. ओरेगनची लॉटरी १९८४ च्या जनमताने आली, ती आर्थिक विकास आणि रोजगारासाठी. विरोधकांचं म्हणणं, हा पैसा उद्योगवाढीचा आहे, शिबिरांवर का उधळता? त्याला समर्थकांनी दिलेलं उत्तर हुशारीचं होतं : शिबिरं शहरात नसतात, ती खेड्यापाड्यांत असतात. तिथे स्वयंपाकी लागतो, गाडीचालक लागतो, शिकवणारे लागतात. पैसा तिथेच खर्च होणार. म्हणजे विरोधकाच्याच भाषेत त्याला उत्तर दिलं. आपल्यातले काहीजण ‘जुगाराच्या पैशावर मुलांना शिकवायचं का’ म्हणून नाक मुरडतात. त्यांना मी आठवण करून देते की महाराष्ट्र सरकारची लॉटरी १९६९ पासून आहे.

जनतेने कौल दिला म्हणजे विषय संपला, असं वाटेल. तसं झालं नाही. मेजर ९९ हा साधा कायदा होता, राज्यघटनेतली दुरुस्ती नव्हती. त्याच निवडणुकीत माजी सैनिकांसाठी लॉटरीचे दीड टक्के राखून ठेवणारा ‘मेजर ९६’ मंजूर झाला, तो घटनादुरुस्ती होता, त्याला विधिमंडळ हात लावू शकत नाही. आउटडोअर स्कूलच्या पैशाला मात्र लावू शकतं आणि पहिल्याच संधीला लावला. २०१७ मध्ये दोन वर्षांसाठी ४.४ कोटी डॉलरपर्यंत मिळू शकले असते, तिथे २.४ कोटी दिले. पुढे रक्कम वाढली, पण धडा तोच राहिला. दर दोन वर्षांनी बजेट नव्याने बसतं आणि दर दोन वर्षांनी कुणीतरी उभं राहून बोलावं लागतं. पुढचं मोठं अधिवेशन २०२७ मध्ये आहे.

आता आजच्या परिस्थितीकडे येऊ. शाळांची ओढाताण खोटी नाही. मुलांची संख्या घटते आहे आणि इथे पैसा मुलांच्या संख्येवर येतो. कोविडच्या काळात केंद्राने दिलेली मदत सप्टेंबर २०२४ मध्ये संपली. गेल्या वर्षी इंटेलने ओरेगनमधली सुमारे २,४०० माणसं कमी केली. बीव्हरटन-हिल्सबरोच्या पट्ट्यात मराठी घरं भरपूर, त्यातली कित्येक या ना त्या प्रकारे त्याच कंपनीशी बांधलेली. नोकरी जाऊन साठ दिवसांत व्हिसाचं बघायचं असेल, तर पोराच्या शिबिराचा विचार कोण करणार? हे मला कळतं.

म्हणूनच ‘शिक्षक जात असताना शिबिराचे लाड कशाला’ हा प्रश्न टाळता येत नाही. पण त्यातलं गणित नीट बघा. लॉटरीतून येणारा हा निधी फक्त आउटडोअर स्कूलसाठी मिळतो. शिबिराच्या दोन रात्री कापल्या म्हणून तो पैसा आमच्या शाळेतल्या गणिताच्या शिक्षकाच्या पगारात जमा होत नाही. डिस्ट्रिक्टवर भार येतो तो नियोजनाचा आणि सोबत जाणाऱ्या शिक्षकांच्या वेळेचा. तो भार खरा आहे, पण त्यावर बोलता येतं, तोडगा काढता येतो. ‘शिबिर की शिक्षक’ अशी निवडच नाही आहे, हे बोर्डाच्या बैठकीत कुणीतरी शांतपणे सांगायला हवं.

ते कुणी सांगायचं? इथे आपला प्रश्न सुरू होतो. २०१६ ची लढाई आठवणींवर जिंकली गेली. आपल्याकडे त्या आठवणी नाहीत. आपण नाशिक, सांगली, डोंबिवलीहून आलो. आपल्या शाळेची आठवण म्हणजे एसटीच्या लाल डब्यातून रायगड, नाहीतर अजिंठा-वेरूळ. शिवाय आपल्या मनात भीतीही आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात सहलीला गेलेली पुण्याची मुलं बुडाली, ती बातमी अजून कुठल्याही आईच्या मनातून गेलेली नाही. मागच्या महिन्यात आम्ही काही पालकांनी मंडळाच्या हॉलमध्ये चहा ठेवून या विषयावर गप्पा केल्या, तेव्हा पहिला प्रश्न आला, ‘अगं, अकरा वर्षांची पोर, चार रात्री जंगलात? आणि खाणार काय?’

अशा वेळी निसर्गाचं महत्त्व वगैरे भाषण उपयोगाचं नसतं. आम्ही फॉर्म दाखवला. शाकाहारी, अंडं न खाणारे, शेंगदाण्याची अॅलर्जी असलेले, सगळं आधी लिहून देता येतं. औषधं मोठ्या माणसांच्या ताब्यात राहतात आणि वेळेवर दिली जातात. मुलींची राहण्याची सोय वेगळी. मग शिबिरात लीडर म्हणून जाऊन आलेली आपल्याच ओळखीतली अकरावीतली मुलगी बोलली. तिने अर्ध्या इंग्रजीत, अर्ध्या मराठीत सांगितलं की पहिल्या रात्री रडणाऱ्या मुलींना ती काय सांगते. दहा मिनिटांत हॉलचा सूर बदलला. एका आजोबांनी तर विचारलं, ‘आमच्यासारख्यांना नेतात का?’

या आजी-आजोबांना मी मुद्दाम या लेखात आणते. सहा महिने नातवंडांकडे राहायला आलेले आजी-आजोबा ‘अभ्यास बुडतो’ म्हणाले, तर सूनबाई गप्प बसते. पण भारताच्या २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना शिकण्याची शिफारस आहे. म्हणजे तिकडे जे आणायचं म्हणतात, ते इकडे साठ-सत्तर वर्षं चालू आहे आणि आपल्या डोळ्यांदेखत आखूड होतं आहे.

दुसरी अडचण मताची. आपल्यातले अनेकजण एच-१बी वर किंवा ग्रीन कार्डाच्या रांगेत. मत नाही, मग आपलं कोण ऐकणार, असं म्हणून आपण घरी बसतो. पण स्कूल बोर्डापुढे दोन-तीन मिनिटं बोलायला नागरिकत्व लागत नाही. विधिमंडळाच्या समितीपुढे लेखी म्हणणं द्यायलाही लागत नाही. मुलं तर आपलीच शाळेत आहेत, आणि इथल्या वर्गांत आपली मुलं थोडीथोडकी नाहीत. ज्यांची मुलं जाणार, त्या समाजातला एकही माणूस बोलला नाही, तर बोर्डाने काय समजायचं?

माझं म्हणणं एवढंच आहे. असे कार्यक्रम त्यांच्या फायद्यांच्या याद्यांनी वाचत नाहीत. ‘हे आमचं आहे’ म्हणणारी माणसं वाढली की वाचतात. जुन्या ओरेगनकरांची ती पिढी आता निवृत्तीला आली. पुढची माणसं आपल्यातूनच यायला हवीत.

तेव्हा इथल्या वाचकांना विनंती : आपल्या डिस्ट्रिक्टच्या बजेट बैठकीची तारीख बघा आणि एकदा तरी जाऊन बसा. बोलायचं असेल तर आधी नाव नोंदवा आणि आकडेवारीपेक्षा आपल्या मुलाबद्दल बोला. हायस्कूलमध्ये मूल असेल तर त्याला लीडर व्हायला पाठवा. कॉलेजच्या अर्जासाठी म्हणून गेलं तरी चालेल, परत येताना वेगळं होऊन येतं. आणि भारतातून फोनवर ‘जंगलात कशाला पाठवता’ म्हणणाऱ्या आत्या-मावश्यांनो, शिबिरातून आल्यावर त्या नातवंडाला एकदा विचारा, दगडाखाली काय सापडलं. अर्धा तास तरी फोन ठेवू देणार नाही.