ताळेबंदाचे रकाने आणि सभासदांचे डोळे

मार्चअखेर आली की पतपेढीच्या कचेरीत रात्री उशिरापर्यंत दिवे जळत. खतावणीवरून तेरीज काढावी आणि चार रुपयांच्या फरकासाठी पुन्हा पहिल्या पानापासून बेरजा तपासाव्यात, असा तो काळ होता. आज हेच काम संगणक क्षणार्धात उरकतो. चालू वर्ष, गतवर्ष, वाढ-घट आणि शाखावार रकमा असे अनेक रकाने शेजारी शेजारी मांडलेला ताळेबंद मागाल तेव्हा हाती पडतो. ही सोय स्वागतार्हच आहे. तथापि छपाई नेटकी झाली म्हणून आकडा खरा ठरत नाही, याचे भान सुटता कामा नये.

यंत्राला व्यवहाराचा अर्थ कळत नाही. त्याला केवळ खात्याचा क्रमांक आणि त्या क्रमांकाचा गट कळतो. एखादे नवे खाते कोणत्याच गटात घालायचे राहिले, तर दोन्ही बाजू जुळत नाहीत आणि चूक उघडी पडते. परंतु तेच खाते येण्यांच्याच दुसऱ्या गटात पडले, तर बेरीज बिनचूक जुळते आणि चूक सुखाने झाकली जाते. गतवर्षी ‘इतर येणी’त असलेली रक्कम यंदा ‘कर्जां’त हलविली, की कर्जवाटप वाढल्याचा भास होतो. कंपनी कायदा, २०१३ च्या तिसऱ्या परिशिष्टाने गतवर्षीचे आकडे शेजारी देण्याचे बंधन घातले आहे, ते तुलना व्हावी म्हणूनच. दोन्ही रकान्यांचा गज एकच नसेल, तर ती तुलना व्यर्थ होय.

जुळणे आणि खरे असणे यांतील अंतर हैदराबादच्या ‘सत्यम’ प्रकरणाने देशाला दाखविले. ३० सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदात रोख व बँकशिल्लक ५,३६१ कोटी रुपये होती. त्यांतील ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते, अशी कबुली अध्यक्षांनी ७ जानेवारी २००९ रोजी दिली. तोवर रकाने जुळतच होते! पुढे २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा आरंभी ठेवीदारांना हजार रुपयांहून अधिक काढण्याची मुभा नव्हती.

शिक्षक आणि कारकून यांची आयुष्यभराची पुंजी अशाच संस्थांत असते. वार्षिक सभेत चहापानापूर्वी ताळेबंद ‘मंजूर, मंजूर’ म्हणून संमत करण्याची प्रथा म्हणूनच थांबली पाहिजे. पाच वर्षांचे रकाने, शाखावार थकबाकी आणि गट बदलले असल्यास त्याचा खुलासा सभासदांनी सभेआधी मागावा. हे तयार करणे अवघड आहे, ही सबब आता संचालकांना उरलेली नाही. रकाने यंत्र भरील. त्यांवर बोट ठेवून ‘हे कसे?’ असे विचारणे मात्र माणसालाच करावे लागेल.