गोलंदाज भक्कम, मग आखाडा कशाला?

‘बोलर बिचारे काय करणार, बॅट्समननी घाण केली.’ शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर, लालबागच्या चाळीतल्या गॅलरीत, गिरगावात नाक्यावरच्या चहावाल्यापाशी हे वाक्य इतक्यांदा ऐकू येतं, की आता त्यावर कुणी वादही घालत नाही. आकडेही त्याच्याच बाजूचे. ऑक्टोबर २०२४, बंगळुरू: न्यूझीलंडसमोर सर्वबाद ४६. त्याच मालिकेत, भाऊबीजेच्या दिवशी वानखेडेवर १४७ धावा हव्या असताना सर्वबाद १२१. नोव्हेंबर २०२५, कोलकाता: दक्षिण आफ्रिकेला हरवायला १२४ पुरेशा होत्या, आपण ९३ केल्या. मायदेशात सलग १८ कसोटी मालिका जिंकलेला संघ वर्षभराच्या अंतराने दोनदा घरीच धुतला गेला. न्यूझीलंडने ३-० आणि दक्षिण आफ्रिकेने २-०.

तेव्हा फलंदाजी ढासळते आहे, हे मी नाकारत नाही. माझं भांडण आहे ते तिच्या निदानाशी. आपल्याकडे तीन निदानं ठरलेली आहेत. हल्लीच्या पोरांना फिरकी खेळता येत नाही, आयपीएलने तंत्राचा सत्यानाश केला, आणि तिसरं, खास दादर-माटुंग्याचं: संघात मुंबईचे खडूस फलंदाज घ्या, सगळं ठीक होईल.

पहिल्यापासून सुरू करू. पूर्वीचे फलंदाज फिरकी खेळायचे म्हणजे नेमकं काय करायचे? मार्च १९८७, बंगळुरू, पाकिस्तानविरुद्धची कसोटी. खेळपट्टी अशी की मनिंदर सिंगने पहिल्याच दिवशी २७ धावांत ७ बळी घेतले आणि पाकिस्तान ११६ धावांत आटोपला. आपल्या संघात दादर युनियनचे दोन मातब्बर होते, गावस्कर आणि वेंगसरकर. तरी आपण पहिल्या डावात १४५च केल्या. चौथ्या डावात २२१ हव्या होत्या. गावस्कर आपली शेवटची कसोटी खेळत होते आणि त्या दिवशी त्यांनी केलेल्या ९६ धावांबद्दल लोक अजून हात जोडून बोलतात. सामना मात्र आपण १६ धावांनी हरलो. तौसिफ अहमद आणि इक्बाल कासिम या दोघांनी नऊ-नऊ बळी घेतले. फिरकी खेळण्यात ज्यांच्या तोडीचा माणूस शोधावा लागेल, त्यांची सर्वोत्तम खेळीही त्या मातीवर पुरी पडली नाही. म्हणजे मग दोष तंत्राचा होता असं कुणी म्हणेल का?

दुसरं उदाहरण तर चर्चगेटहून चालत जाण्याच्या अंतरावरचं. नोव्हेंबर २००४, वानखेडे, ऑस्ट्रेलिया. आपल्याकडे सेहवाग, द्रविड, तेंडुलकर, लक्ष्मण. याहून मोठी फळी या देशाने पाहिलेली नाही. पहिल्या डावात १०४. दुसऱ्या डावात २०५, आणि त्यात मायकेल क्लार्क नावाच्या कामचलाऊ फिरकी गोलंदाजाने ९ धावांत ६ बळी घेतले. नऊ धावांत सहा! ऑस्ट्रेलियाला १०७ करता आल्या नाहीत, आपण १३ धावांनी जिंकलो, म्हणून ही गोष्ट आपण विजयाच्या खात्यात टाकून विसरून गेलो. हरलो असतो तर ‘सचिन-द्रविडला फिरकी खेळता येत नाही’ असा अग्रलेख कुणीतरी लिहिलाच असता.

आयपीएलचं निदान थोडं जास्त विचार करण्यासारखं आहे. वीस षटकांच्या खेळाने हात सैल झाले, सोडून द्यायचे चेंडू खेळले जातात, हे खरंच. २०२४-२५च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात बुमराहने ३२ बळी घेतले, तेही सरासरी तेराच्या आसपास, आणि तरी आपण मालिका १-३ अशी घालवली. तिथे खेळपट्टीला दोष देण्याची सोय नाही, तिथे फलंदाजच कमी पडले. सिडनीला शेवटच्या डावात पाठीने साथ सोडली म्हणून बुमराह गोलंदाजीला उतरू शकला नाही, तेव्हा तर सगळा डोलारा किती एकखांबी होता तेही दिसलं. पण मग जुलै २०२५चं काय करायचं? बर्मिंगहॅमला याच आयपीएलवाल्यांनी पहिल्या डावात ५८७ आणि दुसऱ्यात ६ बाद ४२७ केल्या. गिलचे २६९ आणि १६१. एका कसोटीत हजाराच्या वर धावा. बुमराह संघात नसताना आकाश दीपने दहा बळी घेऊन सामना जिंकून दिला. जैस्वाल, राहुल, पंत, जडेजा, वॉशिंग्टन सुंदर, हेच सगळे चार महिन्यांनी कोलकात्यात ९३ धावांत गुंडाळले गेले (गिल मानेच्या दुखापतीने दुसऱ्या डावात उतरलाच नाही, हे मान्य). चार महिन्यांत माणसाचं तंत्र एवढं बदलत नसतं. बदलली होती ती खालची माती.

आणि मुंबईचा खडूसपणा? जानेवारी २०२५मध्ये बीकेसीवर जम्मू-काश्मीरविरुद्ध मुंबईने रोहित, जैस्वाल, रहाणे, श्रेयस असा ताफाच उतरवला होता. पहिल्या डावात १२० सर्वबाद, आणि सामना पाच गड्यांनी हातचा गेला. त्याच्या आदल्या मोसमात मुंबईने ४२व्यांदा रणजी करंडक जिंकला, तो कसा? उपांत्यपूर्व सामन्यात बडोद्याविरुद्ध दहाव्या आणि अकराव्या क्रमांकावर आलेल्या तनुष कोटियन आणि तुषार देशपांडे यांनी शतकं ठोकली. उपांत्य सामन्यात तमिळनाडूसमोर ७ बाद १०६ अशी गत असताना शार्दूल ठाकूरने शतक काढलं. गोलंदाजांनीच फलंदाजी केली आणि वर बळीही तेच घेत होते.

पण गोलंदाज मोजायची आपल्याला सवयच नाही. पद्माकर शिवलकर २०२५च्या मार्चमध्ये गेले. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये ५८९ बळी, कसोट्या शून्य. बिशनसिंग बेदींच्या काळात जन्मले, एवढीच त्यांची चूक. या शहरातला कुठलाही रसिक गावस्करांच्या वेस्ट इंडिजमधल्या ७७४ धावा झोपेतही सांगेल. त्याच वर्षी, १९७१ला, ओव्हलवर वाडेकरांच्या संघाने इंग्लंडला हरवलं ते चंद्रशेखरच्या ३८ धावांतल्या ६ बळींमुळे, आणि त्या शेवटच्या डावात गावस्कर शून्यावर बाद झाले होते, हे सांगितलं की लोक तुमच्याकडे संशयाने बघतात.

शिवलकरांचं नाव घेतलंच आहे तर माझ्या मूळ मुद्द्यावर येतो, कारण तो त्यांच्याच एका सामन्यात जसाच्या तसा सापडतो. १९७२-७३चा रणजी अंतिम सामना, चेपॉक. तमिळनाडूकडे वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार असे दोन अव्वल फिरकी गोलंदाज. यजमानांनी त्यांच्या सोयीची, पहिल्या चेंडूपासून वळणारी खेळपट्टी करून ठेवली. मुंबई १५१ आणि ११३. यजमान ८० आणि ६१. शिवलकर: १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५. तिसऱ्या दिवसाच्या पहिल्याच चेंडूवर सामना संपला. हा सामना आपण मुंबईच्या पराक्रमाचा म्हणून सांगतो, आणि तो होताच. पण त्याची दुसरी बाजू तमिळनाडूच्या लोकांना विचारा. घरच्या गोलंदाजांवर भरवसा असूनही त्यांनी माती उकरली, आणि त्यातून आलेलं पीक पाहुण्यांनी कापून नेलं.

आपण नेमकं तेच करत आलो आहोत. २०१२ साली इंग्लंडला अहमदाबादेत नऊ गड्यांनी हरवूनही कर्णधार धोनीचं समाधान झालं नाही. पहिल्या दिवसापासून चेंडू वळला पाहिजे, असं तो उघड म्हणाला. वानखेडेवर वळला. पनेसारने ११ बळी घेतले, स्वानने ८, पीटरसनने १८६ ठोकल्या, आपण दुसऱ्या डावात १४२ धावांत आटोपलो आणि दहा गड्यांनी हरलो. मालिकाही गेली. २०१७ला पुण्यात स्टीव्ह ओ’कीफने बारा बळी घेतले. २०२३ला इंदूरला कुन्हेमनने १६ धावांत ५. २०२४ला पुण्यात सँटनरने तेरा बळी घेतले, आणि त्याआधी त्याला कसोटीच्या एका डावात पाच बळी कधीच मिळाले नव्हते. आठवड्याने वानखेडेवर एजाज पटेलने अकरा घेतले. तो मुंबईतच जन्मलेला, तेव्हा निदान घरचाच म्हणून समाधान मानू. कोलकात्यात हार्मरने आठ घेतले, आणि सामना संपल्यावर प्रशिक्षक गंभीर यांनी सांगितलं की आम्हाला हवी होती तशीच खेळपट्टी मिळाली.

असं का होतं, हे कुठल्याही मैदानावरचा जुना खेळाडू सांगेल. चांगल्या खेळपट्टीवर फिरकी गोलंदाजाला बळी कमवावा लागतो. चेंडूला उंची द्यायची, वेग बदलायचा, फलंदाजाला तीन षटकं एका जागी बांधून ठेवायचं आणि चौथ्या षटकात फसवायचं. यात अश्विन आणि सँटनर यांच्यातला फरक दिवसभरात उघडा पडतो. आखाड्यावर, म्हणजे मुद्दाम उकरून ठेवलेल्या खेळपट्टीवर, एकाच टप्प्यावरून एक चेंडू हातभर वळतो आणि पुढचा सरळ जातो. तो काय करणार हे टाकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. तिथे जरा जोरात, यष्ट्यांवर टाकत राहणारा कुणीही पुरे. म्हणजे ज्या बाजूचा गोलंदाज वरचढ, तिचंच नुकसान. बुमराह, सिराज, जडेजा, कुलदीप असा मारा असलेल्या संघाने स्वतःहून ही बरोबरी का मागावी? ओठावर गोलंदाजीचं कौतुक आणि मातीत तिच्यावरचा अविश्वास, असा हा प्रकार आहे. आजार रेड्याला आणि डाग पखालीला.

चांगल्या मातीवर काय होतं, हे वानखेडेवरच पाहून झालं आहे. डिसेंबर २०१६. लाल माती, चेंडू छान उसळतोय, इंग्लंडने नाणेफेक जिंकून ४०० केल्या. हल्लीच्या हिशेबाने तिथेच घाबरायचं. विराटने २३५ केल्या, मुरली विजय आणि नवव्या क्रमांकावरचा जयंत यादव यांनी शतकं केली, आपण ६३१, अश्विनचे सामन्यात बारा बळी, डावाने विजय. पुढच्या कसोटीत चेन्नईत इंग्लंडने ४७७ केल्या आणि तरीही डावानेच हरला. करुण नायर नाबाद ३०३, जडेजाचे दुसऱ्या डावात सात बळी. त्या मालिकेत फलंदाजांना वाढायला जागा होती आणि गोलंदाजांना आपली उंची दाखवायला पाच दिवस होते.

आता आक्षेप. ‘आखाड्यांवर जिंकलोही आहोत की! २०१५ला नागपुरात दक्षिण आफ्रिका ७९ धावांत गेली होती.’ जिंकलो आहोत, पण तेव्हा अश्विन-जडेजाची जोडी ऐन भरात होती आणि समोरच्यांकडे तशी जोडी नव्हती. शिवाय ते दोघे खाली येऊन धावाही करत. अश्विनने डिसेंबर २०२४मध्ये निवृत्ती घेतली. त्या विजयांनी आपल्याला एक वाईट खोड लावली, एवढं खरं.

दुसरा आक्षेप अधिक जवळचा आहे आणि तो कांगा लीगवाले घेतील. १९४८पासून भर पावसात, ओल्या खेळपट्ट्यांवर खेळूनच मुंबईचे फलंदाज घडले ना? मग वाईट खेळपट्टीला का भ्यायचं? यात तथ्य आहे. पण कांगा लीगमध्ये चाळीस धावा केलेल्या पोराला मैदानावरची जुनी मंडळी शतकवीराचा मान द्यायची. त्या मातीवर चाळीस म्हणजे काय, हे त्यांना कळायचं. आज कोलकात्यात कुणी चाळीस केल्या तर तो ‘अपयशी’ म्हणून पुढच्या कसोटीत बाहेर. बवुमाच्या नाबाद ५५ हे त्या अख्ख्या सामन्यातलं एकमेव अर्धशतक होतं. अशा खेळपट्ट्या द्यायच्या आणि सरासरी मात्र पाटा खेळपट्टीच्या मापाने मोजायची, हे दोन्ही एकदम चालणार नाही.

राहिली गुवाहाटी. कोलकात्याच्या पुढच्याच कसोटीत खेळपट्टी चांगली होती, आणि आपण ४०८ धावांनी हरलो. धावांच्या हिशेबात हा आपला सगळ्यात मोठा पराभव. हा माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात जड घाव, आणि तो टाळून चालणार नाही. तिथे आफ्रिकेच्या शेपटाने आपल्या गोलंदाजांना पळवलं, ४८९ केल्या, नंतर यान्सेनच्या उसळत्या चेंडूंवर आपले सहा जण गेले. फलंदाज वाईट खेळले आणि ज्या गोलंदाजीचे गोडवे गायले जातात तीही तिथे चालली नाही. पण निदान कुठे कमी पडलो हे त्या सामन्यात दिसलं: आखूड चेंडू कसा सोडायचा, तळाच्या फलंदाजांना कसं बाद करायचं. नेटमध्ये उद्यापासून घोटता येतील अशा गोष्टी आहेत या. कोलकात्याच्या ९३ धावांवर नेटमध्ये काय घोटणार?